बदली, विलंब आणि टेबलावरचं घड्याळ

"सर, सबमिशनला आणखी दोन दिवस द्या ना!" हे वाक्य आपल्यापैकी कुणी म्हटलं नसेल, तर त्याने हात वर करावा. कॉलेजात वेळ मागून मिळते. मैदानावर मात्र नाही. हा धडा मला गावाकडे मिळाला.

न्हावरे हे शिरूर तालुक्यातलं आमचं गाव. घोडगंगा साखर कारखान्यामुळे नाव ऐकलं असेल. सुट्टीत गावात कबड्डीचे सामने होते. "पोरगं इंजिनिअरिंगला आहे, घड्याळ नीट लावील," म्हणून थोरल्या मंडळींनी मला वेळ पाहायला टेबलावर बसवलं. शेवटचं मिनिट. एक संघ एका गुणाने पुढे. त्यांनी खेळाडू बदलण्यासाठी टाइम-आउट मागितला, सरपंचांनी शिट्टी दिली, आणि मी आत कोण येतोय ते बघत बसलो. स्टॉपवॉच चालूच!

"दादा, घड्याळ पळतंय!" मागे असलेल्या संघाचा कॅप्टन ओरडला. शेजारच्या सहायक गुणलेखकाने शिट्टीची वेळ कागदावर टिपली होती म्हणून बरं. १८ सेकंद गेले होते. सरपंचांनी विचारलं तेव्हा मी चूक कबूल केली. त्यांनी ते १८ सेकंद परत दिले. त्यातच मागच्या संघाने एक गुण काढला आणि सामना बरोबरीत सुटला. पुढे असलेली पोरं दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीत.

तेव्हापासून मी नियमपुस्तक नीट वाचायला लागलो.

कबड्डीचा उपाय : घड्याळच थांबवा

कबड्डीत १२ जणांचा संघ, ७ मैदानात, ५ राखीव. (इथला सरपंच म्हणजे मुख्य पंच, ग्रामपंचायतीतला नव्हे!) रूढ नियमांनुसार बदली करायची ती सरपंचांच्या परवानगीने, टाइम-आउटमध्ये किंवा मध्यंतरात. टाइम-आउट प्रत्येक डावात दोन, प्रत्येकी ३० सेकंदांचे, आणि त्या काळात सामन्याचं घड्याळ बंद. बाद झालेल्या खेळाडूच्या जागी बदली नाही. निलंबित झालेल्याच्या जागीही नाही. म्हणजे बदलीच्या आडून ना वेळ खाता येते, ना माणूस जिवंत करता येतो.

खेळ सुरू असताना रेंगाळणाऱ्यांचाही बंदोबस्त आहे. चढाईला मर्यादा ३० सेकंदांची. एक चढाई संपली की दुसऱ्या संघाने ५ सेकंदांत आपला गडी पाठवायचा, नाहीतर पाळी जाते आणि समोरच्याला एक तांत्रिक गुण. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीमुळे आणखी एक नियम घरोघरी पोचला : सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणाराच बाद.

अमेरिकन फुटबॉलचा उपाय : घड्याळ चालूच ठेवा

आता गंमत बघा. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका बाजूला ११ खेळाडू, आणि प्रत्येक चालीनंतर हवे तितके बदलता येतात. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, एक चाल संपल्यावर पुढची सुरू करायला साधारणपणे ४० सेकंद मिळतात. काही ठरावीक खंडांनंतर २५. उशीर झाला की ५ यार्ड मागे.

मग आक्रमण करणाऱ्यांनी ऐनवेळी चार नवे गडी आणून बचाव करणाऱ्यांना गोंधळात टाकलं तर? तेव्हा पंच खेळ रोखून धरतात. समोरच्या संघालाही बदली करायला वाजवी वेळ मिळेपर्यंत चेंडू खेळू देत नाहीत. पण ४० सेकंदांचं घड्याळ चालूच! ते शून्यावर आलं तर दंड, उशिरा बदली करणाऱ्यालाच. उलट बचाव करणाऱ्यांनी आपणहून गडी बदलले, तर त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही.

आणि शून्य झालं हे ठरवतो कोण? मागे उभा असलेला एक पंच आधी घड्याळाकडे बघतो, शून्य दिसल्यावर चेंडूकडे. चेंडू हलला नसेल तरच निशाण टाकतो. एका माणसाला एकाच क्षणी दोन्हीकडे बघता येत नाही. त्यामुळे नजर वळेपर्यंतचा थोडा उशीर खेळाडूंच्या पदरात पडतो. आपल्या भाषेत, सिस्टिमचा रिस्पॉन्स टाइम!

थोडक्यात काय

प्रश्न एकच, उत्तरं दोन. कबड्डी घड्याळ थांबवते, म्हणजे कुणाचंच नुकसान होत नाही. अमेरिकन फुटबॉल घड्याळ चालू ठेवतो आणि उशीर करणाऱ्याकडून किंमत वसूल करतो. दोन्हीकडे तत्त्व तेच : बदली हा तुमचा हक्क, पण तिच्यासाठी लागणारी वेळ समोरच्याच्या खिशातून काढायची नाही.

मात्र दोन्ही पद्धती एका गोष्टीवर उभ्या आहेत. टेबलावरच्या माणसाने बटण वेळेवर दाबावं, आणि चुकलं तर लगेच सांगावं. मी गप्प बसलो असतो, तर एक संघ अन्यायाने हरला असता, आणि कारण फक्त मला माहीत असतं.

तेव्हा मित्रांनो, गॅदरिंगच्या सामन्यांत वेळ पाहायला कुणी बसवलं तर आधी शिट्टीकडे लक्ष द्या. आत कोण येतंय ते नंतर बघा!