कंबरदुखीचे मोजमाप : प्रश्नावली भरताना

चाकण, खेड, मावळ भागात आज एकाच घरात कांद्याची पुनर्लागण आणि कंपनीतील पाळी अशी दुहेरी कामे चालतात. कंबर मात्र एकच. ती दुखू लागली की दवाखान्यात एक छापील कागद हाती देतात. शेतकरी बंधू-भगिनींनो, तो घाईने भरू नये.

अशा दोन प्रश्नावल्या जगभर प्रचलित आहेत. ओसवेस्ट्री (1980) मध्ये 10 विभाग असून प्रत्येकास 0 ते 5 गुण असतात. रोलंड-मॉरिस (1983) मध्ये 24 विधाने असून, आज लागू पडतील त्यांवर खूण करावयाची असते. दोन्हींत जास्त गुण म्हणजे जास्त अडचण. ओसवेस्ट्रीच्या मराठी आवृत्तीची तपासणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली आहे.

चांगली प्रश्नावली काट्यासारखी असते. चाकणच्या बाजारात कांद्याची तीच गोणी पुन्हा तोलली तर वजन तेच भरले पाहिजे. दुखण्यात फरक नसताना आठवड्याने गुण जवळपास तेच यावेत, आणि खरा उतार पडल्यास तो गुणांत दिसावा. सर्वसाधारणपणे ओसवेस्ट्रीच्या टक्केवारीत 10, तर रोलंड-मॉरिसमध्ये 5 गुण कमी झाल्यास सुधारणा धरतात.

आता हिशेब. ओसवेस्ट्रीत वैवाहिक संबंधांविषयी एक प्रश्न आहे. संकोच वाटल्यास तो सोडावा. मात्र एकूण गुण 50 ऐवजी 45 धरावेत. उरलेल्या नऊ उत्तरांचे 18 गुण झाले तर ते 40 टक्के होतात. 50 ने भागल्यास 36 येतात आणि दुखणे विनाकारण हलके दिसते. हे 40 टक्के म्हणजे 2016 च्या कायद्यातील दिव्यांग प्रमाणपत्राचे 40 टक्के नव्हेत. ते प्रमाणपत्र वैद्यकीय तपासणीवरून मिळते. या कागदाच्या भरवशावर हेलपाटे घालू नयेत.

खरी उणीव निराळीच आहे. बसणे विचारतात ते खुर्चीवरचे. उकिडवे बसून खुरपणी, दिवसभर वाकून लागण, मांडी घालून जेवण यांविषयी प्रश्नच नाहीत. (रोलंड-मॉरिसमध्ये वाकण्या-गुडघे टेकण्याचे एक विधान आहे, एवढेच.) त्यामुळे गुण कमी येऊनही वाफ्यात अर्धा तास बसवत नाही, असे होऊ शकते. यासाठी कागदाच्या मागील बाजूस आपले काम लिहावे : किती वेळ खुरपता येते, किती किलोची गोणी उचलवते, कोणत्या पाळीनंतर कंबर धरते. पुढील भेटीत तेच पुन्हा लिहून डॉक्टरांना दाखवावे.

लघवी-शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पायातील शक्ती जाणे अशी लक्षणे दिसल्यास मात्र कागद भरत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.