शिट्टी हातात घेण्याआधी

काकीनं सगळं सांगितलं मला. अकादमीवाल्यांनी सहायक प्रशिक्षक म्हणून विचारलंय आणि तू तेव्हापासून तोंड पाडून बसलीयस. अगं बाय, घरात कुणी गेल्यासारखं काय करतेस? तिशी आली जवळ. उजवा गुडघा कुरकुरतोय. मागच्या दोन्ही हंगामांत कुठल्याच संघानं वर्षभराचा करार दिला नाही, दर वेळी ‘स्पर्धेपुरतं ये’. अशात एक माणूस आपणहून काम घेऊन दारात येतो. तुला वाटतं, ही खेळाडू म्हणून संपली म्हणून त्यांनी विचारलं. असेलही तसं. म्हणून काम वाईट ठरत नाही.

मला बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही, ते तू लहानपणापासून चिडवत आलीयस. मी लोकांचे हिशेब लिहिते, विवरणपत्रं भरते. पण त्यात क्रीडा प्रशिक्षकही येतात, त्यामुळे त्यांचं आयुष्य मला वहीच्या बाजूनं दिसतं. ती बाजू तुला मैदानावर कुणी सांगणार नाही, मी सांगते. पण आधी एका माणसाचं बोलू.

अमोल मुजुमदार. नाक नको मुरडू. क्रिकेट असलं म्हणून काय झालं? 2 नोव्हेंबर 2025 ची रात्र आठवते ना? आपल्या कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बरनं तिसरं स्टेशन नेरूळ, आणि तिथे डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून पहिला एकदिवसीय विश्वचषक घेतला. त्या मुलींचा प्रशिक्षक भारताकडून एकही सामना खेळलेला नाही. एकही नाही.

त्याची 1988 ची गोष्ट तुला मोबाइलवर दहा जणांनी पाठवली असेल. हॅरिस शील्ड, शारदाश्रम शाळा, सचिन आणि कांबळीची 664 धावांची भागी, आणि पुढचा फलंदाज अमोल पॅड बांधून बसलेला. गोष्ट खरी आहे, पण लोक तिथेच ‘अरेरे’ करून थांबतात. मला नंतरची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. पहिल्याच रणजी सामन्यात त्यानं हरियाणाविरुद्ध 260 केल्या. 2006-07 ला मुंबईनं रणजी करंडक घेतला तेव्हा कर्णधार हाच. आणि तरी 2009 मध्ये मुंबई सोडून तो आसामकडून खेळायला गेला, पुढे आंध्रकडून. शेवटी प्रथम श्रेणीत 11,167 धावा आणि 30 शतकं. भारताची टोपी काही मिळाली नाही.

आता तुझं बघ. शाळेचा संघ, विद्यापीठाचा संघ, मग कधी या बँकेकडून पाहुणी खेळाडू, कधी त्या खात्याकडून, एक हंगाम पुण्यात, एक पार चेन्नईला. तुला ही वणवण वाटते. मी म्हणते, इतक्या प्रशिक्षकांच्या हाताखालून गेलेली मुलगी आपल्या गावात दुसरी दाखव. कोण पोरींना ओरडून गप्प करतो, कोण हरल्यावर बसमध्ये मागे जाऊन बसतो, कुणाचा सराव बघून पाय आपोआप हलायला लागतात, हे तुला पुस्तक न वाचता ठाऊक आहे. एकाच संघात दहा वर्षं खेळलेल्या स्टार पोरीला नसतं ठाऊक.

बाकावर बसण्याचंही तसंच. बाकावरून दहाच्या दहा पोरी दिसतात, कोर्टात असलेल्या मुलीला आपल्यासमोरची एकच दिसते. मात्र बाकावर बसून माणूस दोन तऱ्हांनी घडतो. एक खेळ बघतो, आणि दुसरा फक्त आपल्याला का घेतलं नाही याचा हिशेब ठेवतो. हा दुसऱ्या जातीचा प्रशिक्षक झाला की पोरांचं वाटोळं. आपल्याला जे मिळालं नाही ते पोरांकडून वसूल करत बसतो. तू कुठली आहेस ते तुझं तू ठरव, मला सांगू नकोस.

तुझ्याच खेळातली बेकी हॅमन घे. साडेपाच फुटांची पोर, 1999 मध्ये अमेरिकेच्या महिला लीगमधल्या एकाही संघानं तिला निवडीत उचललं नाही, तरी न्यूयॉर्क आणि सॅन अँटोनिओकडून ती खेळली. 2013 मध्ये तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. वर्ष वाया गेलं म्हणून रडत बसायचं, तर ही सॅन अँटोनिओच्या पुरुष संघाच्या सरावाला जाऊन बसायला लागली, त्यांच्या बैठकांत कान देऊन ऐकायला लागली. 2014 ला त्याच संघानं तिला सहायक प्रशिक्षक नेमलं. पुढे लास व्हेगासच्या महिला संघाची मुख्य प्रशिक्षक झाली आणि पहिल्याच वर्षी, 2022 ला, विजेतेपद. तुझाही गुडघा आहेच दुखरा.

‘सहायक’ या पाटीचं तुला वाईट वाटतंय, हे मी ओळखलंय. मग मुजुमदारच्या पाट्या वाच. 2014 ला तो निवृत्त झाला. नेदरलँड्सच्या संघाचा फलंदाजी सल्लागार, आपल्या 19 वर्षांखालच्या पोरांचा फलंदाजी प्रशिक्षक, मग राजस्थान रॉयल्स. 2019 मध्ये भारतात खेळायला आलेल्या दक्षिण आफ्रिकेचा हंगामी फलंदाजी प्रशिक्षक! म्हणजे ज्यांना नेरूळला हरवलं, त्याच देशाच्या पुरुष संघाच्या बाजूनं तो एकदा आपल्याविरुद्ध बसला होता. धंद्यात असं चालतं, त्यात फितुरी नाही. 2021 ला मुंबईचा मुख्य प्रशिक्षक, आणि 2022 च्या रणजी अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाकडून हार. समोरचा प्रशिक्षक कोण, तर चंद्रकांत पंडित, आपलाच मुंबईकर. ऑक्टोबर 2023 ला महिला संघ मिळाला. मुंबईच्या आधीची सात वर्षं सल्लागार, हंगामी, सहायक अशीच गेली.

पंडित आणि मुजुमदार दोघंही सचिनच्याच आचरेकर सरांचे शिष्य. सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, स्टेट बँकेकडून, आणि नोकरीही बँकेतच, तरी नाव राहिलं ते शिकवणारे म्हणून. तुझ्या बास्केटबॉलच्या नागपाड्यातही हेच आहे. 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुन्तसीर त्याच गल्ल्यांतले, पण तिथल्या पालिकेच्या मैदानाला नाव बच्चू खान यांचं, म्हणजे शिकवणाऱ्याचं. मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर सामने खेळायला तू कितीदा गेलीस. आता एकदा सामना नसताना जा आणि म्हातारे लोक पोरांना काय सांगतात ते ऐकत बस.

विश्वचषकातलं एक मात्र तुला मुद्दाम सांगायचंय. साखळीत आपण लागोपाठ तीन सामने हरलो होतो, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. इंग्लंडच्या सामन्यात जेमिमाला बाहेर बसवलं. पुढच्याच सामन्यात तिला परत आणून तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं, आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या 338 चा पाठलाग करताना तिनं नाबाद 127 केल्या. तुला बसवलं तेव्हा कुणी काय सांगितलं होतं आठव. बहुतेकदा काहीच नाही ना? यादी चिकटवायची आणि निघून जायचं. तू हे करू नकोस. जिला बसवशील तिला तोंडावर कारण सांग, आणि परत यायला काय लागेल तेही सांग. पोरी रागावतील, पण दुसऱ्या दिवशी येतील.

त्याच उपांत्य सामन्याआधी मुजुमदारनं ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर एवढंच लिहिलं होतं, की अंतिम फेरीत जायला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी. बास. बाकी व्यूहरचना वगैरे आधीच्या सरावात झालेली असणार. तुमच्याकडे टाइम-आउट एका मिनिटाचा, पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्यात तीन. त्यातली पहिली वीस सेकंदं पोरी पाण्याच्या बाटल्या शोधण्यात घालवतात, हे मी प्रेक्षकांत बसूनही पाहिलंय. उरलेल्या वेळात पाच सूचना दिल्यास तर एकही डोक्यात जाणार नाही. तुझी जीभ कशी चालते ते मला माहीत आहे, म्हणून सांगते.

आणि शिकवणं तुला जमेल का, ही तुझी जी भीती आहे ना, ती बरोबर आहे. खेळता येणं वेगळं. परवा खालच्या कोर्टावर माझ्या पोरीला ले-अप दाखवत होतीस, मी गॅलरीतून बघत होते. पहिल्यांदा तू नुसती धावत जाऊन बॉल टाकलास आणि म्हणालीस, ‘असं’. ती बिचारी उभीच. मग तू थांबलीस. स्वतःच हळू चालून पाहिलंस, उजवा पाय, डावा पाय, डाव्यावर उडी, उजवा गुडघा वर. इतकी वर्षं जे पाय न मोजता पडत होते ते तू पहिल्यांदा मोजलेस. नंतर खडू आणून जमिनीवर दोन पावलं काढलीस, मोठा बॉल बाजूला ठेवून तिच्या हातात 5 नंबरचा दिलास, आणि म्हणालीस, ‘रिंगकडे बघू नको, पावलांवर चाल’. पोरीचे पाय बरोबर पडायला लागले. त्या वेळचा तुझा चेहरा मी पाहिलाय. सामना जिंकल्यावर तुझा असा चेहरा होत नाही, तेव्हा तू आधी गुणफलकावर स्वतःचे गुण शोधतेस.

बरं, आता वहीतलं ऐक. अकादमीवाला ‘फीमध्ये टक्का देतो’ म्हणेल. ऐकायला गोड वाटतं. एप्रिल-मेच्या शिबिरात पोरांची झुंबड असते, तेव्हा टक्का छान येतो. जूनला पाऊस सुरू झाला की उघडं कोर्ट बंद, फेब्रुवारी-मार्चला परीक्षा, म्हणजे बॅच अर्धी. म्हणून दरमहा ठरावीक मानधन माग, टक्का त्याच्या वर. कागदावर घे. किती बॅच, किती तास, स्पर्धेला पोरी घेऊन बाहेरगावी गेलीस तर तुझं तिकीट आणि जेवण कुणाच्या खिशातून, हेही त्यात लिहून घे. ‘आपलीच मुलगी आहेस, कागद कशाला’ असं कुणी म्हणालं तर गोड हसायचं आणि कागद पुढे सरकवायचा. मानधनातून दहा टक्के कर कापून आला तर घाबरू नकोस. खेळाडू, पंच, प्रशिक्षक यांच्या कामाला आयकर खात्यानं 2008 सालीच व्यावसायिक सेवा ठरवलंय, म्हणजे वकील-डॉक्टरांच्या रांगेत बसवलंय तुला. विवरणपत्र मी भरून देईन, जास्तीचे परत येतील.

नुसत्या खेळाडूपणावर फार काळ निभत नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम वर्षभराचा आहे. सरकारी प्रशिक्षकाच्या जागेला बहुतेकदा तो कागद लागतो, आणि खासगीवालेही ‘एनआयएस झालंय का’ विचारतात. आत्ता वर्षभर घर सोडणं जमणार नसेल तर सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आधी कर. काका म्हणतील, बी.पी.एड. कर, शाळेत चिकट. ते वेगळं दुकान आहे. पी.टी.च्या बाईंना कवायत, क्रीडा दिवस, निवडणुकीचं काम सगळंच येतं. वाईट नाही, पण तुला कोर्ट हवं असेल तर ते डोळे उघडे ठेवून निवड.

पोरींचे आईबाप तुझ्याकडे का येतील, ते माहीत आहे? शिकवायला ताई आहे म्हणून. संध्याकाळी साडेसातला बॅच सुटते, अंधार पडलेला असतो, आणि आपल्याकडे अजून पोरीला ‘कशाला त्या सरांकडे’ म्हणून घरी बसवतात. ती मोठी ताकद आहे तुझी, आणि तेवढीच जबाबदारी. कुठल्याही पोरीला एकटीला मागे थांबवायचं नाही, रात्री वैयक्तिक मेसेज नाहीत, जे काय ते पालकांच्या ग्रुपवर. हे पुरुषांनीच पाळायचं असतं असं समजू नकोस. आणि अकादमीत कुणाचं काही खटकलं तर गप्प बसायचं नाही, नोकरी गेली तरी चालेल. घरचं मी बघून घेईन.

खेळणं लगेच सोड असंही मी म्हणत नाही. निमंत्रितांच्या स्पर्धेला जा, हौस भागव. फक्त ज्या दिवशी तुझी बॅच असेल त्या दिवशी स्वतःच्या सामन्यासाठी दांडी मारायची नाही. ते पहिल्यांदा केलंस ना, की पोरींना बरोबर कळतं, ताईचा जीव कुठे आहे ते.

काकीची काळजी नको. ती पगाराचा आकडा विचारेल आणि मग म्हणेल, ‘लग्नाच्या वेळी पोरगी काय करते म्हणून सांगायचं?’ प्रशिक्षक आहे म्हणून सांगायचं. आपल्या आज्याची भातशेती सिडकोत गेली तेव्हा तो काय करतो हे सांगायला घरात कुणाला चार वर्षं शब्द सापडत नव्हता, तरी घर चाललंच की. तू त्या अकादमीवाल्याला उद्या फोन कर आणि आठ दिवस माग. सध्याच्या प्रशिक्षकाचा सराव दोन वेळा नुसता बघू दे म्हणावं. सहायक व्हायचं तर कुणाचं, हे आधी कळायला हवं. रविवारी कराराचा मसुदा घेऊन वर ये, मी वाचते. गुडघ्याचा एमआरआयही आण बरोबर, तो काकीला न दाखवता ठेवलायस ना कपाटात?