स्वर जपणारा माणूस

गाणे संपले की ते हवेत विरून जाते आणि गाणारा गेला की त्याचा आवाजही त्याच्याबरोबर जातो. हजारो वर्षे मनुष्याचा हाच अनुभव होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो बदलला. ज्यांनी हा बदल घडविण्यास हातभार लावला, त्यांत फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक होता.

गाइसबर्गचा जन्म १८७३ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरी झाला. लहानपणीच तो पियानो वाजवू लागला. त्या शहरात जॉन फिलिप सूझा या प्रसिद्ध संगीतकाराच्या हाताखाली मरीन बँड वाजत असे. तो ऐकण्याचा त्याला नाद लागला. शाळेत असतानाच तो एका ध्वनिमुद्रण कंपनीत गायकांना साथ करू लागला. पुढे तबकडीच्या ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर याच्याकडे त्याने काम धरले आणि १८९८ साली तो लंडनला गेला.

त्या काळी ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन नव्हता. गायक एका कर्ण्यात तोंड करून गाई. कर्ण्याच्या टोकाशी असलेला पातळ पडदा त्या आवाजाने थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. तार स्वर जोराने लागला की सारे मुद्रण बिघडे. म्हणून अशा वेळी गायकाला हळूच मागे ओढावे लागे आणि हलका स्वर येताच पुढे सारावे लागे. तो क्षण कोणता, हे यंत्र सांगत नसे. संगीतावर पोसलेला कानच ते सांगे.

१९०२ साली इटलीतील मिलान येथे गाइसबर्गने एन्रिको कारूझो या तरुण गायकाचे गाणे ऐकले. दहा गीतांसाठी कारूझोने शंभर पौंड मागितले. ही रक्कम फार आहे, असे सांगून लंडनच्या कचेरीने नकार कळविला. तरीही गाइसबर्गने आपल्या कानावर विश्वास ठेवून मुद्रण केले, अशी कथा सांगितली जाते. त्या तबकड्यांनी कारूझोचे नाव दूरदूर पोहोचविले.

त्याच वर्षी गाइसबर्ग कोलकात्याला आला. तेथे त्याने गौहरजान या विख्यात गायिकेचे गाणे मुद्रित केले. तास तास रंगणारे गायन तिला सुमारे तीन मिनिटांत बसवावे लागले. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव उच्चारी. कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तेथील कारागिरांना गायिकेची ओळख पटणे आवश्यक होते.

१९२५ च्या सुमारास कर्णा जाऊन मायक्रोफोन आला. साधने बदलली, तरी गाइसबर्गचे ऐकणे तसेच राहिले. इंग्लंडचा थोर संगीतकार एडवर्ड एल्गार त्याचा स्नेही होता. जानेवारी १९३४ मध्ये एल्गार वूस्टर येथे मृत्युशय्येवर होता. लंडनमध्ये त्याच्या रचनांचे मुद्रण चालू असताना दूरध्वनीच्या तारेने ते सूर त्याच्या बिछान्यापर्यंत पोहोचविण्यात आले. अंथरुणावरूनच त्याने वादकांना सूचना दिल्या. पुढच्याच महिन्यात तो निवर्तला. त्याचे संगीत मात्र तबकड्यांत राहिले.

गाइसबर्ग १९५१ साली वारला. तो स्वतः चांगला वादक होता. परंतु स्वतःचा सूर मागे ठेवून त्याने दुसऱ्यांचे सूर जपण्यात आयुष्य वेचले. गाणे ही कला आहे, तशीच मन लावून ऐकणे हीही कला आहे.

शब्दार्थ : विख्यात – प्रसिद्ध, निवर्तणे – मरण पावणे, वेचणे – खर्च करणे.

स्वाध्याय
१. ध्वनिमुद्रण करताना गायकाला मागे का ओढावे लागे?
२. गौहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव का सांगे?
३. ‘मन लावून ऐकणे हीही कला आहे’ हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.