हशा उतरताना बोल

पोरा, लाफ्टर आला की थांबायचं, हे तुला कुठल्याही शिबिरात सांगतील. परत कधी बोलायचं, ते कुणी सांगत नाही. हशा चढतो, क्षणभर टिकतो आणि उतरायला लागतो, उतरताना बोल. पूर्ण विझला की नव्याने चूल पेटवावी लागते. शिवाजी मंदिर नाट्यगृहात बाल्कनीही हसून घेऊ दे. तेवढा वेळ पुतळा होऊ नकोस. पान लाव, धोतर सावर. आणि लाफ्टर समोरच्याचा असेल तर बोटसुद्धा हलवायचं नाही. दुसऱ्याचा हशा खाणारा नट मला चोरापेक्षा वाईट वाटतो.

अ‍ॅडिशनची, म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य टाकायची, खाज सगळ्यांनाच असते. आपल्या नायगावचे दादा कोंडके 1965 पासून सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये हवालदार करायचे, तेव्हा ताजं राजकारणही त्यांच्या तोंडी यायचं. पण ते लोकनाट्य, तिथे ती मोकळीक असते. दारं उघडझाप होणाऱ्या फार्समध्ये तू लांबवलंस की दाराआडच्या नटाची एंट्री पडते. अ‍ॅडिशन घ्यायचीच असेल तर समोरच्याला आधी सांग आणि परत येताना त्याचा क्यू शब्दशः दे.

विनोदी दिसायला जाऊ नकोस. ‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकातली गावकरी मंडळी जीव तोडून महाभारताचं नाटक बसवतात, आपण हास्यास्पद आहोत हे त्यांच्या गावीही नसतं. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंचही मनापासून वैतागायचा. त्याच्या वैतागाला लोक हसायचे. मालवणी न कळणारेसुद्धा.

बारीक कामाला नाही म्हणू नकोस. लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावात साहित्य संघात नोकरी करता करता छोटी कामं करत होता. नाव झालं ते 1983 च्या ‘टूरटूर’ नाटकाने, आणि पुढे ‘धूमधडाका’ सिनेमाने. विंगेत उभं राहून रोज मोठ्यांची कामं बघायला मिळतात, ती शिकवणी फुकटची आहे.

आणि पैशांबद्दल एवढंच: नाईटच्या, म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या, पैशांवर लग्न ठरवू नकोस.

आणि तुझा प्रयोग नसेल त्या दिवशी दुसऱ्याचा बघ. पास मागू नकोस. तिकीट काढून मागच्या रांगेत बस आणि स्टेजकडे कमी, लोकांकडे जास्त लक्ष ठेव.