फडावर कळा सुरू झाल्या तर?

प्रश्न : आम्ही दरसाल ऊसतोडीला जातो. सुनेला आठवा महिना लागलाय. कोपीवरच कळा सुरू झाल्या, तर काय करावं?
– एक भगिनी, पाटोदा, जि. बीड

उत्तर : ताई, बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, म्हणून जमल्यास यंदा सुनेला गावीच ठेवा. न्यावंच लागलं, तर तिथल्या आशाताईंकडे लगेच नाव नोंदवा. धनुर्वाताची लस राहिली असेल, तर टोचून घ्या. कळा सुरू होताच १०८ ला फोन करा. गाडी मोफत येते.

गाडीआधीच बाळ आलं, तर पाच गोष्टी स्वच्छ हव्यात : हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळ. साबणाने कोपरापर्यंत हात धुवा. धुऊन उन्हात वाळवलेलं कापड अंथरा. गाडी जवळ आली असेल, तर नाळ कापूच नका. कापावीच लागली, तर पाकिटातलं नवं ब्लेड आणि उकळलेला दोरा वापरा. कोयता, विळा नकोच. नाळेवर शेण, राख, हळद लावू नका. शेण-मातीतूनच धनुर्वाताचे जंतू शिरतात. बाळ पुसून आईच्या उघड्या छातीशी ठेवा, तासाभरात पाजा, पहिला दिवस अंघोळ नको.

बाळ रडलं नाही, रक्त थांबेना किंवा अर्ध्या तासात वार पडली नाही, तर जिवाला धोका आहे. सगळं सुरळीत झालं, तरी दोघांना दवाखान्यात न्याच.

शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० च्या दशकापासून खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे धडे दिले. अक्षरओळख नसलेल्या बायकांनीही ते आत्मसात करून बाळं वाचवली. तुम्हालाही हे नक्की जमेल.