यकृताचे माप : अंदाज आणि पडताळा

यकृत-प्रत्यारोपणाची सोय आपल्या नवी पेठेतील रुग्णालयात नाही. त्यासाठी रुग्णास पुण्यास वा हैदराबादेस पाठवावे लागते. जिवंत दाता बहुधा घरातीलच असतो. “माझे किती यकृत घेणार आणि किती उरणार?” हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी हे टिपण.

उंची (सें.मी.) व वजन (किलो) यांच्या गुणाकारास ३६०० ने भागून वर्गमूळ काढले, की शरीराचे पृष्ठफळ चौरस मीटरमध्ये मिळते. १६२ सें.मी. उंच व ५० किलो वजनाच्या दात्याचे ते १.५ येते. १९९५ च्या जपानी उराता सूत्रानुसार त्याचे यकृत सुमारे १०६२ मि.ली. ठरते, १९९९ च्या जर्मन हाइनेमान सूत्रानुसार १२६४. व्यक्ती एकच, फरक दोनशेचा! कारण प्रत्येक सूत्र त्या त्या देशातील लोकांच्या मापांवर बेतलेले आहे.

समजा, ८०० मि.ली. भाग काढला. जर्मन हिशेबाने दात्याकडे ३७ टक्के यकृत उरते, जपानी हिशेबाने केवळ २५. दात्याकडे साधारणतः किमान ३० टक्के उरावे लागते. म्हणजे एका सूत्राने जो सुरक्षित, तोच दुसऱ्याने धोक्यात.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर सूत्र हे अंदाजपत्रक होय. पडताळा सीटी स्कॅनवरील प्रत्यक्ष मोजणीनेच होतो. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी नातलगांनी या मोजणीचे आकडे शल्यविशारदांकडून अवश्य समजून घ्यावेत, ही नम्र विनंती.