हिवाळ्यातील कोंबड्यांचे शेड : ऊब राखा, हवा कोंडू नका

निफाडसारख्या भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा काही वेळा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळी बरेच कुक्कुटपालक शेडचे पडदे खालपासून वरपर्यंत घट्ट बांधून टाकतात. पक्ष्यांना ऊब मिळते खरी. परंतु काही दिवसांतच गादी ओली होते, सकाळी पत्र्याच्या आतून थेंब गळतात व पक्षी शिंकू लागतात. मग औषधांचा खर्च सुरू होतो.

हे पाणी येते कोठून? पाचव्या आठवड्यातील १००० ब्रॉयलर पक्षी दिवसाला सुमारे १५० किलो खाद्य खातात आणि त्याच्या जवळपास दुप्पट पाणी पितात. वाढीसाठी शरीरात राहते ते थोडेच. उरलेले श्वासावाटे हवेत व विष्ठेवाटे गादीत उतरते. रोज मोठे पिंपभर पाणी शेडमध्ये ओतल्यासारखेच हे आहे.

बाहेर धुके असताना पडदा उघडला तर ओल वाढेल, अशी शंका नेहमी विचारली जाते. ती बरोबर नाही. ८ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ८ ग्रॅम बाष्प मावते, तर २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅम. बाहेरची गार हवा आत येऊन तापली, की तिच्यात ओल शोषण्यास जागा होते. ही हवा वरून निघून गेली पाहिजे.

त्यासाठी पडदा खाली भिंतीला पक्का करून वर ओढता येईल असा बसवावा. रात्रीही वरच्या अंगाला सुमारे एक फूट जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वारा पक्ष्यांच्या अंगावर येत नाही. ऊन चढल्यावर पडदे पूर्ण खाली सोडावेत. लहान पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश ऊब लागते; ती ब्रूडरने द्यावी, हवा कोंडून नव्हे. कोळशाची शेगडी असेल तर वरची फट मुळीच बुजवू नये. कोंडलेल्या धुराने पिल्लेच काय, राखणीला झोपलेला माणूसही दगावतो.

ओल्या गादीत विष्ठा कुजून अमोनिया सुटतो. त्याने डोळे चुरचुरतात, श्वासनलिका दुखावते व श्वसनाचे रोग बळावतात. ओलीत रक्ती हगवणीचाही जोर होतो. दिवसभर आत वावरणाऱ्याच्या नाकाला हा वास सवयीने कळेनासा होतो. म्हणून पहाटे बाहेरून आल्याबरोबर पक्ष्यांच्या उंचीला खाली बसून वास घ्यावा.

गादी मुठीत दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. हळूहळू सुटला तर ठीक. गादी दुपारी पडदे उघडे असताना हलवावी. पाण्याच्या भांड्यांभोवतीच्या ढेपा काढून कोरडे तूस टाकावे व गळती त्याच दिवशी दुरुस्त करावी. चुन्याची फक्की सर्रास वापरतात, पण चुन्याने गादीतील अमोनिया उलट जास्त सुटतो. बंद शेडमध्ये ती कधीही मिसळू नये.